वाचकांचे प्रश्न : नफा, पत आणि अरिष्ट

मार्क्सचे अर्थशास्त्र आणि वित्तीय अरिष्टे या विषयावर आलेल्या पत्रांमधून आठ प्रश्न निवडले आहेत. काही पत्रांत शंका एकच होती. ती एकत्र केली आहे.

प्रश्न : नफ्याचा दर घसरतो म्हणून अरिष्ट येते, असे मार्क्सवादी सांगतात. पण कोसळण्याच्या आदल्या वर्षापर्यंत कंपन्यांचे नफे वाढतानाच दिसतात. मग हे जुळते कसे?

जुळते, पण त्यासाठी तीन आकडे वेगळे ठेवावे लागतात: नफ्याची रक्कम, एकूण भांडवलावरचा नफ्याचा दर, आणि मालकाच्या स्वतःच्या पैशावर त्याला सुटणारा दर. बहुतेक वाद हे तीन एकात मिसळल्यामुळे होतात.

एक हिशोब मांडू. सोपे जावे म्हणून सगळे भांडवल वर्षातून एकदाच फिरते असे धरू. यंत्रे आणि कच्चा माल, म्हणजे स्थिर भांडवल, 60. मजुरी, म्हणजे चल भांडवल, 20. कामगारांनी मजुरीपेक्षा जास्त निर्माण केलेले वरकड मूल्य 20. शोषणाचा दर, म्हणजे मजुरीच्या मानाने वरकड मूल्य, 100 टक्के, आणि नफ्याचा दर 20 भागिले 80, म्हणजे 25 टक्के.

आता स्पर्धेत टिकण्यासाठी यंत्रे वाढवली. स्थिर भांडवल 150 झाले, मजुरी 25 आणि वरकड मूल्य 35. शोषणाचा दर 140 टक्क्यांवर गेला. नफ्याची रक्कम 20 वरून 35 झाली, म्हणजे पाऊणपट वाढ. वर्तमानपत्रात मथळा येईल तो याच वाढीचा. पण दर? 35 भागिले 175, म्हणजे 20 टक्के. पाच टक्क्यांनी खाली.

इथे पत आत शिरते. समजा, या 175 पैकी 100 उसने आहेत आणि त्यावर व्याज 12 टक्के. 35 मधून व्याजाचे 12 गेले, उरले 23. मालकाचे स्वतःचे घातलेले 75. त्यावर 23 म्हणजे जवळजवळ 31 टक्के. मुळातला दर 25 वरून 20 वर आला आणि मालकाला मात्र 25 ऐवजी 31 टक्के दिसू लागले. घसरण कर्जाने झाकली गेली, इतकेच नव्हे, तर मालकाला आणखी कर्ज काढायचा हुरूप आला.

पुढच्या वर्षी माल पडून राहिला, भाव उतरले आणि हाती आलेले वरकड मूल्य 35 ऐवजी 12 भरले. एकूण भांडवलावर अजूनही सुमारे 7 टक्के सुटतात, तोटा नाही. पण ते सगळे 12 व्याजात गेले आणि मालकाच्या हाती शून्य. आणखी थोडे खाली, समजा 10, आणि व्याज नफ्यातून भरताच येत नाही. मग ते भरायला नवे कर्ज, किंवा मालाची पडेल भावात विक्री. सावकाराच्या बाजूने पाहिले तर याच क्षणी त्याची मालमत्ता संशयास्पद होते. अरिष्ट बँकेत दिसते ते यामुळे; त्याची मुळे मात्र आधीच्या 175 मध्ये असतात.

मार्क्सने घसरण म्हटले तेव्हा 'प्रवृत्ती' हा शब्द जपून वापरला आणि तिला अडवणारी कारणेही स्वतःच नोंदवली: शोषण वाढवणे, मजुरी दाबणे, यंत्रे व कच्चा माल स्वस्त होणे, परदेशी व्यापार. त्यामुळे दर सरळ रेषेत खाली येत गेला पाहिजे, अशी अपेक्षा ठेवून आलेख पाहणाऱ्याची निराशा होणारच.

प्रश्न : 2008 चे अरिष्ट हे सरळसरळ बँकवाल्यांचा हावरटपणा आणि सरकारी ढिलाई यांचे फळ होते. त्यात मार्क्स कशाला?

हावरटपणा होताच, ढिलाईही होती. पण हावरटपणा 1995 मध्येही होता. जे कायमच हजर असते, ते 'आत्ताच का' याचे उत्तर देत नाही. मार्क्सची चौकट उपयोगी पडते ती इथे: इतका पैसा कर्जाच्या कागदांमागे धावत का होता, आणि कर्ज घेणाऱ्यांना त्याची गरज का पडली?

घटनाक्रम असा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, 2003 च्या मध्यापासून वर्षभर आपला मुख्य व्याजदर 1 टक्का ठेवला. तिथून चढवत 2006 च्या मध्यात तो 5.25 टक्क्यांवर नेला. दरम्यान कमी पतीच्या लोकांना गृहकर्जे वाटली गेली. त्यांतला एक मोठा प्रकार म्हणजे पहिली 2 वर्षे व्याज ठरलेले आणि पुढची 28 वर्षे बदलते. हे कर्ज फेडायचे नव्हतेच; 2 वर्षांनी घराची किंमत वाढेल आणि नवे कर्ज काढून जुने मिटवता येईल, असा त्याचा आधार होता. 2006 मध्ये किमती थांबल्या आणि उतरू लागल्या, तेव्हा आधारच गेला.

पण थकलेली कर्जे एकूण कर्जांच्या मानाने थोडी होती. मग जगभराच्या बँका का हादरल्या? त्यासाठी या कर्जांपासून गुंतवणूकदारांना विकायचे कागद कसे कापले होते ते पाहावे लागते. समजा, 100 रकमेची गृहकर्जे एकत्र केली आणि त्यांचे तीन थर पाडले: वरचा 80, मधला 15, खालचा 5. तोटा आधी खालच्याने सोसायचा, मग मधल्याने, शेवटी वरच्याने. 10 चा तोटा झाला तर खालचा थर संपला, मधल्याचे 15 पैकी 5 गेले, वरचा शाबूत. इथवर ठीक.

आता अशा पुष्कळ गठ्ठ्यांतले फक्त मधले थर गोळा करून त्यांचा नवा गठ्ठा केला आणि त्याचे पुन्हा थर पाडले: वरचे 70 टक्के 'अत्यंत सुरक्षित', खालचे 30 टक्के जोखमीचे. पतमापन संस्थांनी वरच्या भागाला सर्वोच्च दर्जा दिला. कारण काय, तर सगळे गठ्ठे एकदम बुडणार नाहीत. पण घरांच्या किमती देशभर एकदम उतरल्या, म्हणजे सगळ्याच गठ्ठ्यांत तोटा झाला. प्रत्येक मूळ गठ्ठ्यात 15 चा तोटा धरा. मधल्या थराचे 15 पैकी 10 गेले, म्हणजे 67 टक्के. नव्या गठ्ठ्याचाही 67 टक्के तोटा. त्यातले पहिले 30 जोखमीच्या थराने गिळले, उरलेले 37 'अत्यंत सुरक्षित' 70 वर आले. मुळात 15 टक्के बुडाले आणि सर्वोच्च दर्जाच्या कागदाची निम्म्याहून जास्त किंमत गेली. (आकडे समजावण्यापुरते आहेत, खरे थर याहून बारीक असत.)

हाच कागद तारण ठेवून मोठ्या गुंतवणूक बँका रोजच्या रोज उसनवारी करत. तारणाची किंमत कोणालाच सांगता येईना, तेव्हा उसनवारी थांबली. 9 ऑगस्ट 2007 रोजी बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणे बंद केले, कारण आतल्या कागदांचे मूल्यच ठरवता येत नव्हते. 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तिच्या वहीत 639 अब्ज डॉलरची मालमत्ता आणि 613 अब्ज डॉलरचे देणे होते. वहीप्रमाणे ती दिवाळखोर नव्हतीच.

याच्या मुळाशी काय होते, यावर मार्क्सवाद्यांत एकमत नाही, आणि ते आहे असे भासवू नये. एक गट म्हणतो, उत्पादक गुंतवणुकीवरचा नफ्याचा दर 1970 च्या दशकापासून पुरेसा सावरलाच नाही, म्हणून भांडवल घरे आणि कागद यांकडे वळले. दुसरा म्हणतो, दर सावरला होता, पण मजुरी दाबून. त्यामुळे विक्रीला गिऱ्हाईक कमी पडले आणि ती पोकळी घरगुती कर्जाने भरली. 2007 पर्यंत अमेरिकी कुटुंबांचे कर्ज त्यांच्या वर्षभराच्या खर्चयोग्य उत्पन्नाच्या वर गेले होते, हा दुसऱ्या गटाचा भक्कम पुरावा आहे. आमच्या मते, दुसरे स्पष्टीकरण कर्ज घेणाऱ्यांचे वागणे चांगले उलगडते, पहिले कर्ज देणाऱ्यांचे.

प्रश्न : 'कल्पित भांडवल' म्हणजे खोटे, बनावट भांडवल का?

नाही. बनावट नोट वेगळी आणि कल्पित भांडवल वेगळे. कर्जरोखा पूर्ण कायदेशीर असतो, त्यावर व्याज मिळते, तो विकता येतो. कल्पित एवढ्यासाठी, की ज्या रकमेच्या नावाने तो उभा आहे ती केव्हाच खर्च झालेली असते. सरकारने रोखे विकून युद्ध लढले. दारूगोळा उडून गेला, रोखे उरले. समभागाच्या बाबतीत मागे कारखाना असतो खरा, पण तेच भांडवल दोनदा अस्तित्वात नसते, एकदा यंत्रांच्या रूपात आणि एकदा समभागांच्या किमतीत. समभाग हा पुढे निर्माण होणाऱ्या वरकड मूल्यावरचा हक्क आहे.

अशा हक्काची किंमत उलट्या हिशोबाने ठरते. दरसाल 5 देणारा कायमस्वरूपी रोखा घ्या. प्रचलित व्याजदर 5 टक्के असेल तर त्याची किंमत 100. दर 4 झाला तर 125. दर 8 झाला तर 62.5. एकही यंत्र मोडले नाही, एकही कामगार घरी बसला नाही, तरी 'संपत्ती' वाढली किंवा गेली.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत हेच घडले. 2022 च्या अखेरीस तिच्याकडे मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून नोंदवलेले सुमारे 91 अब्ज डॉलरचे रोखे होते. व्याजदर वर्षभरात झपाट्याने चढल्यामुळे त्यांचा बाजारभाव 76 अब्जांच्या आसपास उरला होता. ठेवीदार शांत असेपर्यंत हा फरक वहीत दिसत नव्हता. 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. त्यानंतर फेडरल रिझर्व्हने बँकांना अशा रोख्यांवर कर्ज द्यायला सुरुवात केली, तीही बाजारभावाने नव्हे, दर्शनी किमतीने. म्हणजे उतरलेली किंमत उतरलीच नाही असे धरायचे ठरले. या कल्पनेचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

प्रश्न : मध्यवर्ती बँक हवा तितका पैसा निर्माण करू शकते. मग आता अरिष्ट टाळता येत नाही का?

हा प्रश्न मार्क्ससमोरही होता, फक्त सोन्याच्या काळातला. इंग्लंडमध्ये 1844 च्या बँक कायद्याने नोटांवर मर्यादा घातली: 1.4 कोटी पौंडांच्या पलीकडच्या प्रत्येक नोटेमागे सोने हवे. याने सट्टा आटोक्यात राहील, असा समज. पुढे 1847, 1857 आणि 1866 अशा तिन्ही अरिष्टांत सरकारला तो स्थगित करावा लागला. 1847 मध्ये तर नुसत्या परवानगीच्या पत्राने घबराट ओसरली, मर्यादा प्रत्यक्षात ओलांडावीच लागली नाही. 1857 मध्ये मात्र ओलांडावी लागली.

मार्क्सचा निष्कर्ष दुहेरी होता. चुकीचा कायदा पैशाची चणचण तीव्र करू शकतो. पण कोणताही कायदा अरिष्ट नाहीसे करू शकत नाही. कारण 1847 च्या मुळाशी नोटांची संख्या नव्हती. भारत आणि चीनकडे माल पाठवायचा, त्यावर महिनोन्‌महिने मुदतीच्या हुंड्या काढायच्या आणि त्या लंडनला वटवून लगेच रोकड उचलायची, हा धंदा फोफावला होता. तिकडे माल तोट्यात विकला गेला तरी इकडे हुंडीची रक्कम हातात आलेली असे, आणि तिच्यावर पुढचा माल निघे. शेवटी माल हुंडीसाठी पाठवला जाऊ लागला, गिऱ्हाइकासाठी नव्हे. निर्यातीचे आकडे फुगत होते आणि बाजार केव्हाच भरून गेला होता. हुंड्या न वटण्याने फक्त ही गोष्ट उघडी पडली.

आजची मध्यवर्ती बँक सोन्याला बांधलेली नाही, म्हणून घबराट थोपवणे तिला खूपच जास्त जमते. हे मान्य न करणारे मार्क्सवादी उगाच अडून बसतात. 1930 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या तसे 2008 नंतर झाले नाही. पण याची किंमत असते, आणि ती पहिल्या प्रश्नातल्या आकड्यांवर दाखवता येते.

दिवाळे निघाल्यावर तो 150 चा कारखाना लिलावात 90 ला गेला असे धरा. नव्या मालकाचे स्थिर भांडवल 90, मजुरी 25, आणि मंदीतून बाहेर पडताना वरकड मूल्य समजा 23. दर 23 भागिले 115, म्हणजे पुन्हा 20 टक्के. यंत्रे तीच, माल तोच. जुन्या मालकाचे आणि सावकाराचे 60 बुडाले म्हणून दर सावरला. मार्क्सच्या मते अरिष्टाचे 'काम' हेच. भांडवलाची किंमत पाडूनच पुढचा विस्तार शक्य होतो. मध्यवर्ती बँकेने सावकाराला वाचवले तर हे 60 वहीत जिवंत राहतात. कारखाना 150 चाच राहतो, दर 23 भागिले 175, म्हणजे 13 टक्क्यांवर घुटमळतो, आणि व्याज कृत्रिमरीत्या कमी ठेवले तरच तो चालतो. 2008 नंतर शून्याजवळचे व्याजदर इतकी वर्षे का ठेवावे लागले, याचे हे एक उत्तर आहे. दुसरी बाजू अशी, की 60 बुडू दिले असते तर त्यांच्यासोबत नोकऱ्याही बुडाल्या असत्या. 'बुडू द्या' हे मार्क्सचे धोरण नव्हते. तो यंत्रणा कशी चालते ते सांगत होता.

प्रश्न : ओकिशिओच्या प्रमेयाने नफ्याच्या दराचा सिद्धांत 1961 मध्येच खोटा ठरला ना?

जपानी अर्थशास्त्रज्ञ नोबुओ ओकिशिओचे प्रमेय गणिताने बरोबर आहे. वाद गृहीतकांचा आहे. खरी मजुरी, म्हणजे मजुरीतून विकत घेता येणाऱ्या वस्तू, स्थिर असेल आणि भांडवलदार चालू भावांना खर्च कमी करणारेच तंत्र स्वीकारत असतील, तर नव्या समतोलात सर्वसाधारण नफ्याचा दर घसरणार नाही, एवढे ते सांगते. मजुरी उत्पादकतेबरोबर वाढू दिली की हा निष्कर्ष टिकत नाही. शिवाय जुन्या चढ्या भावाने घेतलेली यंत्रे नव्या भावांत एका फटक्यात मोजून मोकळे व्हायचे, हे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात यंत्रावरचे कर्ज जुन्याच किमतीचे असते.

प्रश्न : नफ्याचा दर स्वतः मोजून पाहायचा असेल तर कुठून सुरुवात करू?

अमेरिकेपासून करा, कारण तिथल्या आर्थिक विश्लेषण ब्युरोची राष्ट्रीय उत्पन्नाची आणि स्थिर मालमत्तेची कोष्टके मोफत आणि दीर्घ काळाची आहेत. फक्त बिगरवित्तीय कंपन्यांचे क्षेत्र घ्या. निव्वळ मूल्यवर्धनातून, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून कच्चा माल आणि यंत्रांची झीज वजा जाता उरते त्यातून, कामगारांचा मोबदला वजा करा. उत्पादनावरचे कर वजा करायचे की नाही, ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. हा झाला अंश. छेदात त्याच क्षेत्राची निव्वळ स्थिर मालमत्ता, वर्षाच्या सुरुवातीची. वर्षाअखेरची घेतली तर त्याच वर्षीची गुंतवणूक छेदात घुसते आणि तेजीच्या वर्षांत दर थोडा कमी दिसतो.

मोठी फसगत होते ती छेदाच्या किमतीवरून. मालमत्ता खरेदीच्या मूळ किमतीने मोजायची की आजच्या किमतीने? भाववाढीच्या काळात दोन्ही आलेख एकमेकांपासून बरेच दूर जातात, आणि 1980 नंतर दर सावरला की नाही हा सगळा वाद पुष्कळसा याच निवडीवर उभा आहे. दोन्ही काढा, शेजारी ठेवा. ज्या लेखात एकच आलेख असेल आणि तो कोणत्या किमतीचा ते लिहिलेले नसेल, तो लेख बाजूला ठेवलेला बरा.

आणखी तीन खड्डे. संपूर्ण अर्थव्यवस्था घेतली तर स्वयंरोजगारवाल्यांच्या उत्पन्नात मजुरी आणि नफा मिसळलेले असतात. घरमालकांचे मानीव भाडेही, म्हणजे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनी स्वतःलाच दिले असे धरलेले भाडे, त्यात येते. ते वरकड मूल्य नव्हे. आणि वित्तीय कंपन्यांचा नफा मिळवलात तर इतर क्षेत्रांतून व्याजाच्या रूपाने आलेली रक्कम दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो. मजुरीवर गुंतलेले भांडवल छेदात घातले नाही तरी चालते. ते वर्षातून अनेकदा फिरते, त्यामुळे एका वेळी अडकलेली रक्कम लहान असते.

प्रश्न : या सिद्धांतावरून पुढचे अरिष्ट कधी येईल ते सांगता येईल का?

नाही. तारीख सांगणाऱ्यापासून दूर राहा, मग तो कोणत्याही पंथाचा असो.

प्रश्न : 'भांडवल'चे तिन्ही खंड वाचणे झेपणार नाही. फक्त अरिष्टांपुरते काय वाचावे?

पहिल्या खंडातले पैशावरचे तिसरे प्रकरण. त्यात देणे फेडण्याचे साधन म्हणून पैसा कसा काम करतो तो भाग दोनदा वाचा. अरिष्टात सगळ्यांना माल नको, फक्त रोकड हवी असे का होते, ते तिथेच सांगितले आहे. मग तिसऱ्या खंडातले प्रकरण 13 ते 15, आणि पतपुरवठ्यावरची 25, 27, 29 ते 32. मधली 26 आणि 28 ही प्रकरणे संसदीय समित्यांपुढच्या साक्षी आणि तत्कालीन बँकतज्ज्ञांशी वाद यांनी भरलेली आहेत. नंतर वाचले तरी बिघडत नाही.

एक सूचना. तिसरा खंड 1894 मध्ये निघाला, पण त्याचे मुख्य हस्तलिखित 1864-65 चे, म्हणजे पहिला खंड प्रसिद्ध होण्याच्याही आधीचे आहे. म्हणून त्यातली उदाहरणे 1847 आणि 1857 ची आहेत. पतपुरवठ्याचा भाग मार्क्सने अर्धवट ठेवला होता; त्याचा सहकारी एंगेल्स याने तो टिपणांमधून जुळवला आणि सगळ्यात जास्त त्रास याच भागाने दिला असे प्रस्तावनेत लिहिले. त्यामुळे एखाद्या पानावर युक्तिवाद मध्येच तुटला तर दोष आपल्या वाचनाचा समजू नका. अरिष्टांचा पूर्ण, एकसंध सिद्धांत मार्क्सने कुठेच लिहून ठेवलेला नाही. जागतिक बाजार आणि अरिष्टे यांवरचे पुस्तक त्याच्या मूळ आराखड्यात होते, ते लिहिले गेलेच नाही.